हा माझा नाही

दुकानात गिऱ्हाईक असताना आतल्या खोलीचा पडदा हलला की मी हातातलं काम थांबवायचे. पडद्याआडून आधी भिंग यायचं, मग भिंग धरलेला हात आणि मग बाबा. वय एक्क्याऐंशी. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. छपाईचं दुकान माझं, पण छापण्यातली अक्कल घरात एकट्या आपल्यालाच आहे असा त्यांचा ठाम समज. गिऱ्हाइकाच्या हातातला कागद ते सरळ काढून घ्यायचे, नाकाशी धरायचे, भिंगातून वरपासून खालपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "हा माझा नाही." मग कागद काउंटरवर टाकून आत.

गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघायचं. एका फुलवालीनं तर त्यांना समजावलं, की नाही हो आजोबा, हा कागद माझाच आहे, तुमचा कशाला असेल. रोज रोज कुणाकुणाला काय सांगायचं? मी हसून म्हणायचे, लक्ष देऊ नका, वय झालंय त्यांचं. हे वाक्य मी दोन वर्षांत किती वेळा म्हटलं असेल कुणास ठाऊक. पडदा म्हणजे काही भिंत नव्हे. आत सगळं ऐकू जायचं.

आता हा 'माझा' म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाबा छपाईची अक्षरं बनवणाऱ्या एका कंपनीच्या ड्रॉइंग खात्यात होते. चौतीस वर्षं. तिथे इंग्रजी अक्षरांचा एक फॉन्ट तयार झाला. पुस्तकात असतो तसा, काड्यांच्या टोकांना बारीक पावलं असलेला. अशा फॉन्टचं एक कुटुंब असतं. एक सरळ, एक तिरपा, एक जाड, आणि चौथा जाडही आणि तिरपाही. पहिले तिन्ही मोठ्या साहेबांनी काढले. चौथ्याच्या वाटेला कुणी जाईना, तेव्हा तो बाबांच्या गळ्यात पडला. त्यांनी त्याच्यावर चार वर्षं घातली. आमच्या घरात त्याचं नाव 'चौथा' असंच होतं. आई म्हणायची, मला मुलं तीन, ह्यांना चार, आणि ह्यांचा जीव सगळा चौथ्यात.

ह्या चौथ्याचं पुराण ऐकून ऐकून माझे लहानपणीच कान किटले होते. जाड अक्षर नुसतं कलतं केलं म्हणजे जाड तिरपा होत नाही, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. जाड अक्षर कललं की त्याच्या पोटातली पांढरी जागा गुदमरते. कमान जिथे काडीला चिकटते तिथे शाई साचते आणि डाग पडल्यासारखं दिसतं. म्हणून बाबा त्या सांध्यात बारीक खाचा पाडायचे, त्या जास्त झाल्या तर बुजवायचे, मग परत पाडायचे. अक्षर हातानं लिहिल्यासारखं वाहतं दिसायला हवं आणि तरी पैलवानासारखं भक्कम हवं. तिरप्यात छोट्या 'ए'चं वरचं छप्पर उडतं, छोट्या 'एफ'ला ओळीच्या खाली शेपूट येतं. आई समोर ताट ठेवायची आणि हे बोटानं टेबलावर शेपूट काढत बसलेले. जेवण गार.

आणि वापराचे तर कायदेच होते. जाड म्हणजे आवाज चढवणं, तिरपा म्हणजे आवाज वळवणं. दोन्ही एकदम माणूस किती वेळा करतो? क्वचित. म्हणून चौथा एका पानात एकदा, फार तर दोनदा. जाड मथळ्यात एखाद्या पुस्तकाचं नाव आलं, तर तेवढं चौथ्यात. बाटलीवर 'हे पोटात घेऊ नये' असं लिहायचं असेल, तर ते चौथ्यात. बाकीच्या वेळी त्याला गप्प बसू द्यावं.

हे कायदे माझ्या गिऱ्हाइकांना सांगून बघा. त्यांना सगळंच चौथ्यात हवं असतं. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं दरपत्रक अथपासून इतिपर्यंत जाड तिरप्यात करून घेतलं. म्हणे त्यानं जरा वेग येतो. केस कापायला वेग कशाला हवा, कुणाचा कान जायचा. एकाचा कुत्रा हरवला, तर नोटिशीत कुत्र्याचं नाव जाड तिरपं, रंग जाड तिरपा, मालकाचा पत्ताही जाड तिरपा. कुत्रा वाचणार होता की काय ते? मी निमूटपणे करून द्यायचे. मला दुकान चालवायचं होतं, कुणाला वळण लावायचं नव्हतं. आणि पूर्वी बाबा बाहेर येऊन वापरावरून वाद घालायचे. वापरला नाही तरी कुरकुर, वापरला तरी कुरकुर. माझं डोकं उठायचं, पण ते भांडण जुनं होतं, सवयीचं होतं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्याच महिन्यात दुकानातला जुना कंप्युटरही गेला. घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ, दुकानात अडलेल्या कामांची रांग, आणि मी एकटी. नवा कंप्युटर आणला, दोन दिवसांत कसाबसा लावला आणि कामाला लागले. त्यानंतर बाबांचं वाद घालणं थांबलं आणि हे नवीन सुरू झालं. हा माझा नाही.

मी विचारलं नाही असं नाही. तुमचा नाही तर कुणाचा, असं विचारलं. ते म्हणायचे, तुला दिसत नाही तर सांगून काय उपयोग. झालं. काय चुकलंय, कुठे चुकलंय, एक शब्द सांगतील तर शपथ. त्यांना वाटायचं की ज्या पोरीला पाढ्यांच्या आधी शिकवलं तिला हेही सांगावं लागत असेल तर संपलंच. मी त्यांना हाताला धरून स्क्रीनसमोर बसवलं. बघा, फॉन्टचं नाव तेच. जाडचं बटण दाबलंय, तिरप्याचं दाबलंय. आता आणखी काय करू, नाचू? ते स्क्रीनकडे बघतसुद्धा नव्हते. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाबा, हो म्हणायला तुमचं काय जातं? म्हणा ना एकदा, हो, माझाच आहे." ते उठून आत गेले.

बाकीही होतंच म्हणा. दोनदा नळ चालू राहिला आणि बाथरूमचं पाणी दुकानात आलं. एकदा त्यांनी मला आईच्या नावानं हाक मारली. पण नळ माझ्याकडूनही राहिलाय आणि मी आईसारखी दिसते, हे सगळे म्हणतात. खरं खुपत होतं ते दुसरंच. ज्या माणसानं चार वर्षं उराशी धरून एक गोष्ट केली, त्यालाच ती दाखवली तर ओळखत नाही, म्हणजे मग राहिलं काय?

हे मी ताईला सांगितलं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, शाळेत पर्यवेक्षिका. तिला एखादी अडचण सांगितली की ती लगेच वेळापत्रक काढते. पंधरा दिवसांत तिनं गावाबाहेरचा एक वृद्धाश्रम शोधला, बघून आली, चादरी स्वच्छ आहेत म्हणाली. दादा परदेशात. तो फोनवर म्हणाला, तुम्ही दोघी ठरवाल ते. हे तो गेली वीस वर्षं प्रत्येक बाबतीत म्हणतो आणि मग जे ठरतं त्याला नावं ठेवतो. मी आधी नको म्हणत होते. मग एक दिवस बाबांनी शिकवणीवाल्या बाईंच्या शंभर प्रमाणपत्रांचा गठ्ठा भर दुकानात 'हा माझा नाही' म्हणून कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि मी ताईला फोन करून म्हटलं, कर काय करायचं ते.

त्या आश्रमाचा एक अर्ज होता, चांगला सहा पानी. त्यात एक प्रश्न होता, की स्वतःच्या वस्तू आणि स्वतःचं पूर्वीचं काम ओळखता येतं का. ताईनं पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिही, नाही. तिनं लिहिलं. त्या एका 'नाही'वरून मजला ठरणार होता. ओळखणारी माणसं खाली बागेकडच्या खोल्यांत, दारं उघडी. न ओळखणारी वरच्या मजल्यावर, आणि त्या मजल्याच्या दाराला बाहेरून कुलूप. शुक्रवारी आश्रमातल्या बाई घरी येऊन बाबांना बघणार होत्या आणि शनिवारी त्यांना न्यायचं होतं.

बाबांना जायचं नव्हतं. त्यांनी ते एकदाच सांगितलं, माझी खोली इथे आहे, एवढंच. ताईनं त्यांना बागेबद्दल सांगितलं. मग ते गप्प झाले ते झालेच. पडदा हलायचा बंद झाला. मी दिवसभर निवांत काम करत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

बुधवारी दुपारी दाताच्या दवाखान्यातली रिसेप्शनवरची बाई आली. तिला जुनी कार्डं परत छापून हवी होती, अगदी होती तशीच. नमुना म्हणून तिनं माझ्याच दुकानात तीन वर्षांपूर्वी छापलेलं कार्ड आणलं होतं. मी ते करून दिलं. तिनं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली आणि म्हणाली, शेवटची ओळ वेगळी आलीय. ती ओळ म्हणजे येता येणार नसेल तर आधी फोन करा, आणि ती इंग्रजीत, जाड तिरप्यात होती. मी म्हटलं, तीच आहे. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, बाई, फॉन्ट तोच, आकार तोच, कागदसुद्धा तोच, आता दातांच्या दवाखान्यातून तुम्ही मला अक्षरं शिकवणार का? मी अशी बोलत नाही गिऱ्हाइकांशी. पण आठवडाच तसा होता.

ती बिचारी काही चिडली नाही. तिनं नखानं दाखवलं. जुन्यातला एफ ओळीच्या खाली उतरतोय, ह्यातला नुसता कलून उभा आहे. आणि जुन्यातला ए गोल आहे, ह्यातल्या एला डोक्यावर छप्पर आहे. तिला ह्यातलं काहीही येत नव्हतं. तिला फक्त दोन कार्डं दिसत होती, आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

मी तिला उद्या या म्हटलं. ती गेल्यावर कंप्युटरमध्ये फाईली ठेवतात तिथे जाऊन बघितलं. त्या कुटुंबाच्या फाईली तीनच होत्या. सरळ, तिरपा, जाड. मी परत मोजल्या. तीन फाईली मोजायला माणसाला कितीसा वेळ लागतो, पण मी चार वेळा मोजल्या.

मग आठवलं. जुन्या कंप्युटरच्या डिस्कवर प्रत्येक फाईल वेगळ्या खणात, म्हणजे फोल्डरमध्ये, होती. नव्यात टाकताना मी घाईघाईत सगळ्या एकाच जागी ओतल्या. जाड आणि जाड तिरपा ह्या दोघांच्या फाइलींचं नाव कुणा शहाण्यानं एकच ठेवलं होतं. कंप्युटरनं विचारलं होतं, ह्या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? बाहेरच्या खोलीत कुणीतरी रडत होतं, फोन वाजत होता. मी 'हो' दाबलं. चौथ्याच्या जागी जाड येऊन बसला. पुढे मी जाड आणि तिरपा अशी दोन्ही बटणं दाबली की कंप्युटर काय करायचा, तर जाडालाच धरून कलता करायचा आणि हा घ्या चौथा म्हणून पुढे करायचा. चौथा नाही, हे काही तो सांगत नव्हता. दोन वर्षं. सलूनवाला, कुत्रा, शंभर प्रमाणपत्रं, सगळ्यांवर तो कललेला जाड. शेपटाचं पुराण मला तोंडपाठ होतं, पण कागदावर शेपूट आहे की नाही हे बघायला मला दोन वर्षांत फुरसत झाली नव्हती.

कंपनीची जुनी सीडी ड्रॉवरमध्येच होती. चौथा परत टाकायला दोन मिनिटं लागली.

तेव्हाच पडदा सारून आत जायला हवं होतं. मी गेले नाही. आत जाऊन काय सांगू, की बाबा, तुम्ही ठीक आहात, ठार आंधळी मी आहे? धीर झाला नाही. मग मी माझी समजूत घातली की शुक्रवारीच सांगावं, सगळ्यांसमोर, म्हणजे ताईला वाटायला नको की धाकटी ऐनवेळी पाघळली आणि काहीतरी जुळवून आणलं. त्या बाईंसमोर बाबांना खोटा कागद द्यायचा, ते म्हणतील हा माझा नाही, मग मी खरा पुढे करीन आणि सोक्षमोक्ष लागेल. मी दोन कागद छापून तयार ठेवले. स्वतःवर खूषही झाले थोडी. भित्र्या माणसाला बेत फार सुचतात.

मला हे माहीत नव्हतं की गुरुवारी मी कागद आणायला बाहेर गेले असताना ताई येऊन गेली होती. ताईनं बाबांची तयारी करून घेतली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी करून घेतात तशी. आज वार कोणता, तारीख काय, मुलांची नावं. आणि तिनं त्यांना सांगितलं होतं, की कुणी काही दाखवलं तर हो, माझंच आहे म्हणायचं, नाहीतर कुलपाच्या मजल्यावर ठेवतील. तिनं हे त्यांच्या भल्यासाठीच केलं. तिचा जीव नाही त्यांच्यावर असं नाही. तिला ते बागेकडच्या खोलीत हवे होते.

शुक्रवारी अकराला आश्रमातल्या बाई आल्या. माझ्याच वयाच्या, हळू बोलणाऱ्या. मला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून, दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसले होते. पाय जुळवून. बाईंनी वार विचारला, त्यांनी बरोबर सांगितला. तारीख एका दिवसानं चुकली. ताईचं नाव, माझं नाव, दादा कुठे असतो, सगळं नीट सांगितलं. प्रत्येक उत्तरानंतर ते ताईकडे बघत होते. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग बाई अर्जावर बोट ठेवून म्हणाल्या, इथे पूर्वीच्या कामाचं लिहिलंय. मी म्हटलं, त्यासाठी मी एक कागद काढलाय, आणि कललेल्या जाडाचा कागद बाबांच्या हातात दिला. ताईनं माझ्याकडे रागानं बघितलं. तिला वाटलं मी त्यांना मुद्दाम तोंडघशी पाडतेय.

बाबांनी भिंग काढलं. वरपासून वाचत आले आणि एका एफपाशी थांबले. मी बघत होते, ते तिथेच थांबले. त्यांचं बोट ओळीच्या खाली गेलं, शेपूट असायला हवं होतं त्या जागी, आणि तिथल्या कोऱ्या कागदावरून पुढेमागे फिरलं. म्हणा, मी मनात म्हटलं, आता म्हणा.

त्यांनी ताईकडे बघितलं. ताईनं अगदी किंचित मान हलवली.

"हो," बाबा म्हणाले. "हा माझाच आहे." आणि बाईंना बरं वाटावं म्हणून की काय, हसले. "छान आलाय छापून."

बाईंनी अर्जावर खूण केली. ताईनं सुस्कारा सोडला. मी तिथे काउंटरच्या मागे दुसरा कागद हातात घेऊन उभी.

मग बोलले ती नको इतक्या मोठ्यानं. मी म्हटलं, बाई, खोडा ते. हा त्यांचा नाहीये. बाबा, नीट बघा. बाबा म्हणाले, बघितला, माझाच आहे. मी म्हटलं, अहो नाहीये तुमचा. ताई म्हणाली, तुझं डोकं फिरलंय का, ते हो म्हणतायत ना. म्हणजे बघा, दोन वर्षं ते नाही म्हणत होते आणि आम्ही हो म्हणत होतो, आता ते हो म्हणत होते तर मी नाही म्हणून ओरडत होते. बाई पेन धरून आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. कुणाला कुठल्या मजल्यावर ठेवावं असा त्यांना प्रश्न पडला असणार.

मी दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं. कंप्युटर, ते 'हो'चं बटण, तीन फाईली, दवाखान्यातली बाई, बुधवार. बुधवारपासून तोंड शिवून बसले तेही सांगितलं. ताई शेवटी शिक्षिका. तिला दोन वह्या शेजारी ठेवल्या की चूक लगेच सापडते. तिनं एफ बघितला, ए बघितला आणि खुर्ची ओढून खाली बसली. थोड्या वेळानं ती बाबांना म्हणाली, की मग कालच का नाही सांगितलंत मला. पण ते तिनं फार हळू विचारलं. काल तिनं त्यांना काय सांगायला शिकवलं होतं ते तिलाही आठवलं असावं.

बाबांनी दुसरा कागद ओढून घेतला. भिंग ठेवलं. एफच्या शेपटावरून नख फिरवलं, वरून खाली, मग परत. मला वाटलं आता मला चांगली बोलणी बसणार. मी त्याची वाट बघत होते. मला हवी होती ती.

"म्हणजे मी म्हणत होतो ते," त्यांनी विचारलं, "ते तसंच होतं?"

"तसंच होतं बाबा. तुम्ही रोज बरोबर सांगत होता. चुकत मी होते."

त्यांनी मान हलवली. एखाद्यानं किती वाजले ते सांगितल्यावर हलवावी तशी. रागावले नाहीत.

बाईंनी फाईल मिटली. ताईला म्हणाल्या, की जागा संध्याकाळपर्यंत राखलेली आहे, पण आम्ही माणसाला विचारल्याशिवाय नेत नाही, आणि इथे ह्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही. मग त्यांनी आपली खुर्ची बाबांच्या समोर ओढली.

"आजोबा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

किती साधा प्रश्न. आम्ही तीन मुलं, सहा पानी अर्ज, आणि आमच्यातल्या एकालाही तो सुचला नव्हता. बाबांनी आधी ताईकडे बघितलं. ताईनं मान खाली घातली होती. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं. कागद गुडघ्यावर धरलेला, बोट अजून त्या शेपटावर.

"इथेच," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, बाईंना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बरोबर ना?"